सहा पोनींचं रीथ आणि तुमचे हात

प्रिय ताई,

नाताळचं रीथ, म्हणजे दारावर लावायचं फांद्यांचं गोल कडं, काल दारावर चढलं आणि आज हे पत्र लिहायला बसले. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मावशीने जपलेल्या 'माय लिटिल पोनी', म्हणजे खेळण्यातल्या छोट्या घोड्या, माझ्या हाती आल्या, तेव्हा त्यांचं रीथ करायचं एवढंच मनात होतं. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "नाताळ झाल्यावर या पोनींचं काय करणार?" भाची खेळेल, असं मी म्हटलं. "मग गोंद नाही, ग्लू गन नाही. एकही पोनी चिकटवायची नाही," हे तुम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकलंत. त्या एका वाक्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन. आमचं सगळं रीथ त्याच वाक्यावर उभं आहे.

खूर उलटे करून पाहायला तुम्हीच शिकवलंत. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने १९८२ साली आणलेल्या पहिल्या सहा जणी म्हणजे कॉटन कँडी, ब्लू बेल, बटरस्कॉच, मिंटी, स्नझल आणि ब्लॉसम. त्यांच्या सुरुवातीच्या घडणीत तळवे सपाट होते, पुढे ते खोलगट झाले. आमच्या सहाही जणींचे तळवे सपाट निघाले तेव्हा तुमच्या आवाजातला आनंद माझ्याइतकाच होता.

आणि ते केस! मिंटीची पांढरी आयाळ इतकी गुंतली होती की फणी शिरत नव्हती. टोकापासून सुरुवात करायची, मुळाशी बोटांनी केस घट्ट धरून ठेवायचे म्हणजे ओढ बसत नाही, आणि बारीक फणीने एकेक बट मोकळी करायची. तुम्ही व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसून राहिलात, एकदाही घाई केली नाहीत. धुताना पाणी आत जाऊ द्यायचं नाही, हेही तुम्ही वेळेवर सांगितलंत. शेपटी आतून धातूच्या चकतीने अडकवलेली असते, ती ओली राहिली की गंजते आणि तो गंज शेपटीच्या मुळाशी डाग पाडतो. आयाळीचे कुरळे तर फार सुंदर आले: केस स्ट्रॉवर गुंडाळायचे, गरम पण न उकळलेलं पाणी वरून सोडायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मिंटीच्या मांडीवरची, तिची खूण असलेली तिपानी पानं आता केसांखालून स्वच्छ दिसतात.

रीथ बांधणं त्या मानाने सोपं गेलं. वेलींच्या कड्याला आधी फेल्टची पट्टी गुंडाळली, म्हणजे पोनींच्या व्हिनाइलला, त्या मऊ प्लास्टिकला, ओरखडे नकोत. मग पाइनच्या फांद्या आल्या. प्रत्येक पोनीच्या पोटाभोवती रुंद सॅटिनची रिबन, गाठ मागे, फांदीच्या आड. उघडी तार कुठेच नाही. जड पोनी खाली आणि हलक्या सजावटी वर ठेवल्यामुळे रीथ दारावर फिरत नाही. रिबन मात्र तुम्ही पांढरी घ्यायला लावलीत, कारण गडद रंग व्हिनाइलला लागतो आणि मग निघत नाही. मला लाल हवी होती, पण आता पांढरीच आवडते. तिच्यावर गुलाबी कॉटन कँडी आणि निळी ब्लू बेल कशा खुलून दिसतात!

ज्या दारावर रीथ आहे तिथे ऊन येत नाही, हे तुम्ही खोदून खोदून विचारलंत. उन्हाने गुलाबी रंग उडतो म्हणून. स्वतःच्या खेळण्यांची काळजी सगळेच घेतात, पण दुसऱ्याच्या पोनीचा रंग उडू नये म्हणून जीव टाकणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

सुट्टी संपली की रिबनच्या गाठी सोडायच्या आणि सहाही जणी भाचीच्या हाती द्यायच्या, हे ठरलेलं आहे. तिने आजच बजावलं आहे की त्या दिवशी तुम्हाला व्हिडिओ कॉल करायचा. बटरस्कॉचची शेपूट विंचरायला तिला तुमच्याकडूनच शिकायचं आहे. त्या संध्याकाळी वेळ काढाल ना?

तुमची कृतज्ञ,
सहा पोनींची सध्याची राखणदार