मलेरियाच्या गोळ्या घरी परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठिबकच्या जोडण्या, बांधकाम, यंत्रांची देखभाल अशा कामांसाठी जळगाव-धुळ्याकडची पोरं युगांडा, नायजेरिया, काँगोपर्यंत जाऊ लागली आहेत. निघण्याआधी व्हिसा होतो, पीतज्वराची लस होते, ती घेतल्याचे पिवळे कार्ड जपून पासपोर्टात ठेवले जाते. पुष्कळांना वाटते की त्या लशीतच मलेरियाचेही भागले. तसे नाही. पिवळे कार्ड फक्त पीतज्वरापुरते. प्रवाशाला मलेरियापासून वाचवणारी लस अजून नाही, त्याला गोळ्याच घ्याव्या लागतात. त्या गोळ्या निघायच्या आदल्या दिवशी मेडिकलवरून येतात, तेही स्ट्रिप कापून. माहितीचा कागद दुकानातच राहतो. तिकडे गेल्यावर छातीत जळजळ सुरू झाली की पाचव्या दिवशी गोळ्या बॅगेच्या तळाशी जातात.

आपल्याकडे बहुतेकांना मिळते ती डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, रोज एक. सहा आठवड्यांच्या आतल्या मुक्कामासाठी आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हीच आहे. औषध चांगले आणि स्वस्त, पण कॅप्सूल खोडकर. रात्री अंथरुणावर बसून एका घोटाबरोबर गिळली आणि लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटते, तिथेच विरघळते, आणि औषध आम्लधर्मी असल्याने आतल्या अस्तराला जखम होते. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध असे दुखते की माणूस हृदयविकार समजून घाबरतो. पाणी गिळतानाही कळ येते. उपाय साधा आहे: सकाळी किंवा दुपारी पोटभर जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाणी पिऊन, बसून किंवा उभ्याने घ्यायची आणि पुढचा तासभर आडवे व्हायचे नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच.

खरी गफलत यानंतर होते. जळजळ झाली की आपल्याकडे हात जातो तो पित्ताच्या गुलाबी औषधाकडे. त्यातले ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवते आणि ती रक्तात पुरेशी उतरत नाही. म्हणजे जळजळ थांबली, पण संरक्षणही गेले, आणि गोळी तर रोज घेतोय म्हणून माणूस निर्धास्त. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तेच. या सगळ्यांत आणि कॅप्सूलमध्ये निदान दोन-तीन तासांचे अंतर हवे. दुधामुळे एवढे बिघडत नाही, तरी कॅप्सूल दुधाबरोबर न घेतलेली बरी. फिट्सची फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर डॉक्सिसायक्लिन शरीरातून लवकर निघून जाते, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना ही द्यायची नाही. बायांना कधी खाजेसह पांढरे जाते. हा बुरशीचा संसर्ग असतो, त्याला वेगळे औषध आहे, त्यासाठी गोळी सोडायची गरज नसते.

आता उन्हाचे. या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. नाकाचा शेंडा, मानेची मागची बाजू, पंजांची वरची बाजू अर्ध्या तासात लालबुंद होते, फोड येतात, क्वचित नखही मुळापासून सुटते. लोक आफ्रिकेच्या उन्हाला भितात, पण ही गोळी परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. एप्रिल-मे महिन्यात परतलेला माणूस रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ४५ अंशांत उभा राहतो, तेव्हा ती गोळी त्याच्या अंगात असते. गाडीच्या बंद काचेतूनही त्रास देणारे किरण आत येतात. पूर्ण बाह्या, कानामानेभोवती उपरणे, उघड्या भागाला सनस्क्रीन, आणि शक्यतो अकरा ते चार सावली, एवढे सांभाळले तर बहुतेकांचे निभावते. कॅप्सूलचे पाकीट मात्र गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्या उन्हात कॅप्सूल एकमेकींना चिकटून बसतात.

चार आठवडे कशासाठी, हे कुणी सांगत नाही, म्हणूनच लोक विमानतळावर उतरताच थांबतात. "आते काय व्हस?" असे म्हणून राहिलेल्या कॅप्सूल फेकल्या जातात. डास चावल्यावर मलेरियाचा परजीवी आधी यकृतात जाऊन बसतो, आठवडाभर किंवा अधिक काळाने रक्तात उतरतो, आणि डॉक्सिसायक्लिन त्याला मुख्यतः रक्तातच गाठते. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा हिशेब घरी आल्यावर होतो. पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी आधीचे २ दिवस, तिथले १५ आणि नंतरचे २८, अशा ४५ कॅप्सूल लागतात. पंधराच घेऊन निघालेला माणूस निघतानाच चुकलेला असतो.

सहा आठवड्यांहून लांबच्या मुक्कामाला मेफ्लोक्विन देतात, २५० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवणानंतर. आठवड्याला एकच गोळी म्हणून ही सोपी वाटते, पण हिच्याबाबत सर्वांत जास्त विचारपूस हवी. भयानक स्वप्ने, झोप उडणे, विनाकारण धास्ती, उदासी, चक्कर, तोल जाणे, कानात आवाज, क्वचित भास, हे तिचे ओळखीचे परिणाम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली हिच्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण चक्कर आणि तोल जाण्याचा त्रास काहींना कायमचाही राहू शकतो. ज्याला फिट येतात, ज्याला आधी नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार झाला आहे, किंवा ज्याच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष आहे, त्याला ही देऊ नये. अडचण अशी की मानसिक आजार लपवायचा असतो, असे आपल्याकडे घराघरांत ठरलेले. भावासमोर किंवा मुकादमासमोर विचारले तर खरे उत्तर मिळणार नाही, डॉक्टरांनी एकट्याला विचारावे.

मेफ्लोक्विन दोन-तीन आठवडे आधी सुरू करण्यात एक हुशारी आहे. मनाचे त्रास बहुधा पहिल्या तीन गोळ्यांतच दिसतात, तेव्हा माणूस घरीच असतो आणि डॉक्टर औषध बदलू शकतात. औषध अंगातून निघायलाही कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे परदेशात त्रास सुरू झाला तर गोळी सोडूनही लगेच सुटका नाही. वाहन किंवा क्रेन चालवणाऱ्याने तर हे लक्षात ठेवावेच. हीसुद्धा परतल्यावर चार आठवडे.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही तिसरी गोळी यकृतातल्या परजीवीवरही चालते, म्हणून परतल्यावर सातच दिवस पुरे. तुपातेलाच्या जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली तर नीट शोषली जाते. पोटदुखी, डोकेदुखी, तोंड येणे एवढाच बहुधा त्रास. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर नको. महाग आहे, आणि आपल्या गावी मागवून ठेवावी लागते.

क्लोरोक्विनच्या वाटेला प्रवाशांनी जाऊ नये. आफ्रिकेतला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, तिला बहुतेक ठिकाणी दाद देत नाही. २०२० साली कोरोनाच्या भीतीने घराघरांत साठलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या अजून कपाटात असतील तर त्याही उपयोगाच्या नाहीत. गुळवेलीच्या काढ्याने मलेरिया टळत नाही, हेही जाता जाता.

प्रायमाक्विनबद्दल सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी जास्त जपावे. व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार झाल्यावर यकृतात दडलेला परजीवी मारायला ही गोळी चौदा दिवस देतात. उरलेल्या गोळ्या घरातले दुसरेच कुणीतरी 'ताप येऊ नये म्हणून' खाते. ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी आहे त्याच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. असे दिसताच गोळी बंद करून थेट रुग्णालय गाठावे. नंदुरबारकडे अनेकांजवळ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे कार्ड असते, पण ती तपासणी निराळी आणि ही निराळी. सिकलसेल नाही म्हणजे प्रायमाक्विन चालेल, असे समजू नये. गरोदरपणात ही मुळीच नको.

तोरणमाळला एक-दोन रात्री जाणाऱ्यांनी यातले काहीही खाण्याची गरज नाही. मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, अंगाला लावायचे डासरोधक मलम पुरे. गोळ्या घेणाऱ्यांनीही हे सोडू नये, कारण कोणतीच गोळी शंभर टक्के हमी देत नाही. परतल्यावर वर्षभरात कधीही थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना लक्षणांच्याही आधी प्रवास सांगावा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

मेडिकलवाल्यांना एक विनंती आहे. या गोळ्यांची स्ट्रिप कापू नका, आणि कापावी लागलीच तर पिशवीत मराठीत चिठ्ठी टाका: कधी सुरू करायची, कशाबरोबर घ्यायची, कशाबरोबर नाही, आणि परतल्यावर कोणत्या तारखेपर्यंत. तारीख गिऱ्हाइकासमोर कॅलेंडर बघून पेनने लिहा.

आपला,
एक फार्मासिस्ट, अमळनेर
(कृपया नाव छापू नये.)