मेंदूतील चिपच्या बातम्या आणि हाताशी असलेली साधने

महोदय,

मेंदूत बसवलेल्या चिपच्या साह्याने पक्षाघाताचा रुग्ण संगणक चालवू लागल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर छापून येतात. नाशिकमध्ये मणक्याला मार बसलेल्या रुग्णांची फिजिओथेरपी मी करतो. अशी बातमी आली, की ‘ही चिप बसवली तर आमचा मुलगा चालेल का?’ असे विचारणारे नातेवाईक हमखास भेटतात. दोष त्यांचा नाही. मथळ्यात चमत्कार असतो आणि मर्यादा बातमीच्या शेवटी, तीही असल्याच तर.

संगणक चालवणाऱ्या या चिपमुळे पाय हलत नाहीत. रुग्णाने हात हलवण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी मेंदूतील हालचालीच्या केंद्रात जे विद्युतसंकेत उमटतात, ते ही यंत्रणा टिपते आणि त्यांवरून पडद्यावरचा कर्सर हलवते; दुखावलेला मज्जारज्जू आहे तसाच राहतो. मेंदूचे संकेत मणक्यातील उपकरणाकडे धाडून रुग्णाला चालवण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला असून तो २०२३ मध्ये प्रसिद्धही झाला, परंतु ती यंत्रणा निराळी आणि त्या रुग्णाच्या मज्जारज्जूची इजाही अपूर्ण होती, म्हणजे काही मज्जातंतू शाबूत होते.

हे संशोधन नवे नाही. अमेरिकेतील ‘ब्रेनगेट’ या अशाच यंत्रणेच्या चाचण्या २००४ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा बसवलेला संवेदक जेमतेम चार मिलिमीटर लांबी-रुंदीचा होता. ‘न्यूरालिंक’ या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या रुग्णात १,०२४ इलेक्ट्रोड (संकेत टिपणारी टोके) असलेले उपकरण बसवले, मात्र काही आठवड्यांतच ही टोके ज्यांवर असतात त्या बारीक तंतूंपैकी काही मेंदूतून मागे सरकले. वाचा गेलेला रुग्ण जे शब्द उच्चारण्याचा प्रयत्न करतो, ते मिनिटाला साठ ते ऐंशीच्या वेगाने पडद्यावर उमटवणारे प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजीतच. शिवाय कंपनीने हात वर केले तर शरीरातील यंत्राचे काय, हा प्रश्न उरतोच: ‘सेकंड साइट’ या कंपनीने कृत्रिम दृष्टीच्या उपकरणाचा पाठपुरावा थांबवल्यावर ते डोळ्यांत बसवून घेतलेल्या साडेतीनशेहून अधिक रुग्णांवर ही वेळ आलीच.

याउलट, मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या, पण आवाज शाबूत असलेल्या तरुणाला मराठी व्हॉइस टायपिंग आजच वापरता येते; बोलता न येणाऱ्याला डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालींनी मोबाइल चालवण्याची सोय अलीकडच्या अनेक फोनमध्ये आहे. फोन पलंगाला नीट अडकवणे, सेटिंग बदलणे आणि चिकाटीने सराव करून घेणे एवढेच करायचे असते, पण ते घरच्यांना शिकवणारे कोणी नसते. माझ्या माहितीतले कितीतरी रुग्ण फोनसाठी दिवसभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहत पडून असतात.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना ही साधने रुग्णाच्या घरी जाऊन बसवून देण्याचे प्रात्यक्षिक विद्यापीठाने अभ्यासक्रमात सक्तीचे करावे, आणि आपल्या दैनिकाने चिपच्या पुढच्या बातमीसोबत या साधनांची माहिती देणारी एक चौकट छापावी, ही विनंती.

– एक फिजिओथेरपिस्ट, इंदिरानगर, नाशिक