चष्म्याच्या डबीतली ज्येष्ठमधाची कांडी

बडोदे

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस साष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात इंदूरला आले होते तेव्हा, बाबा, तुमच्या चष्म्याच्या डबीत ज्येष्ठमधाची कांडी दिसली. साल तपकिरी, गाभा पिवळा आणि चावून चावून टोकाचा पार कुंचला झालेला. खोकला गेला तरी कांडी सुटली नाही, शिवाय साखर बंद झाल्यापासून चहाही तिच्याच काढ्यात होतो, असे आई म्हणाली. त्याच संध्याकाळी तुमच्या घोट्यांवर मोज्यांचे खोल वळ पाहिले, म्हणून हे लिहीत आहे.

ज्येष्ठमधाला मी नावे ठेवत नाही. चरकसंहितेत ते कंठ्य, म्हणजे घशाला हितकर द्रव्यांत येते, आणि कोरड्या खोकल्यात त्याचा गुण आपण घरीच पाहिला आहे. तुमच्या सियागंज बाजारात ती मुलेठी, आमच्याकडे जेठीमध. नाव काहीही असो, तिची गोडी ग्लायसिऱ्हायझिन या द्रव्याची असते, आणि गोम तिथेच आहे. कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडात निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) असते. या द्रव्यापासून शरीरात बनणारे आम्ल त्यालाच अडवते, कॉर्टिसॉलचा जोर तिथे चालूच राहतो, त्यामुळे मीठ आणि पाणी अंगात साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. रेव्हर्स या डच डॉक्टरांनी 1946 च्या सुमारास जठराच्या व्रणांवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा गुण आला खरा, पण काही रोग्यांच्या अंगावर सूज चढली.

त्यात तुमची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी, म्हणजे पोटॅशियम दोन्ही वाटांनी जाणार. ते फार उतरले तर पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोकेही चुकू शकतात. निरोगी माणसानेसुद्धा रोज 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लायसिऱ्हायझिन घेऊ नये, असे युरोपातील तज्ज्ञ सांगतात, आणि कांडीत ते किती आहे हे जिभेला कसे कळणार?

तेव्हा कांडी आणि काढा आजच थांबवावा, आणि याच आठवड्यात डॉक्टरांना सूज दाखवून, ज्येष्ठमधाचे सगळे सांगून, रक्तातील पोटॅशियम तपासून घ्यावे. अंमल उतरायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात, म्हणून गोळी मनाने कमी-जास्त करू नये. घसा धरलाच तर कोमट मीठपाण्याच्या गुळण्या कराव्यात, पाणी गिळू नये.

आई, काढ्याचे पातेले तू माळ्यावर टाक. चष्म्याची डबी मात्र बाबांनी स्वतःच रिकामी करावी.

तुमची लेक