पन्नाशी ओलांडलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. साखर वाढली, सकाळचं चालणं सुटलं, गोळ्या कधी घेतो कधी राहतात, हे सगळं तू एका ओळीत उरकलंस. पुढे लिहिलंस, "कंपनी बंद पडली, पोरं आपापल्या वाटेला लागली, आता शरीर सांभाळून कुणाचं काय भलं होणार?" साखरेपेक्षा मला या वाक्याची काळजी जास्त वाटते. याचं उत्तर सापडल्याशिवाय तू कितीही डॉक्टर बदललेस तरी चालायला बाहेर पडणार नाहीस.

बी.एड.ला आम्हाला एरिक एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ होता. आयुष्याच्या आठ अवस्थांचा तक्ता पाठ करायचा आणि पेपरात उतरवायचा, एवढंच तेव्हा केलं. आता वर्गातली मुलं, त्यांचे आईबाप, आजीआजोबा बघताना तो माणूस कळायला लागलाय. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडच्या परंपरेत सगळा भर बालपणावर होता. एरिक्सनने १९५० साली मांडलं की मनाची वाढ म्हातारपणापर्यंत चालू राहते आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक ओढाताण वाट्याला येते. तान्ह्या बाळाला जगावर भरवसा ठेवायचा असतो, सोळा-सतराव्या वर्षी 'मी कोण' हे ठरवायचं असतं, तरुणपणी कुणाशी तरी जीव जोडायचा असतो. आणि साधारण चाळिशी ते पासष्टी या काळात माणूस विचारतो, माझ्या हातून मागून येणाऱ्यांसाठी काही घडतंय, की मी नुसता साचून राहिलोय? तू मला तेच विचारलं आहेस. त्याची लाज वाटू देऊ नकोस.

हा एरिक्सन १९६२ साली अहमदाबादला आला होता. तिथे त्याला १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाने असं धरून ठेवलं की पुढे त्याने गांधीजींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाला १९७० चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. कामगारांना पगारात ३५ टक्के वाढ हवी होती, मालक २० च्या पुढे सरकत नव्हते आणि कामगारांचा धीर सुटत चाललेला पाहून गांधीजी उपोषणाला बसले. तेव्हा त्यांचं वय ४८. आपल्या घरापलीकडच्या माणसांची जबाबदारी अंगावर घेणारा मध्यमवयीन माणूस एरिक्सनला त्यांच्यात दिसला. आपण काही गांधीजी नव्हे, पण वय साधारण तेच आहे रे.

तू इतकी वर्षं लेथवर काढलीस. नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे तुला कळतं. हे पुस्तकात कुठे आहे? तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडची, म्हणजे लेथचंच काम शिकणारी पोरं आहेत. तिथल्या निदेशकांना जाऊन भेट, आठवड्यातून दोन दुपारी येतो म्हणावं. पैशाचं नंतर बघू. पोरं वाट बघतात म्हटल्यावर सकाळी उठायला कारण शोधावं लागणार नाही.

मग शरीराचं. आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम, आणि जेवणानंतर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं फेरी. जेवणानंतरच्या फेरीने साखर कमी उसळते, कारण चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) करून घे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा आणि रोज रात्री तळपाय बघायचे. मधुमेहात पायाची जखम कित्येकदा दुखतच नाही, म्हणून ती चिघळते. गोळ्या मनाने बंद करू नकोस. आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, असं दोन-दोन आठवडे चालत असेल, तर एकट्याने सोसू नकोस. मनाच्या डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

काकूंबद्दल मात्र तुझ्याशी भांडणार आहे. 'पडेल म्हणून मी आईला एकटीला आंघोळीला जाऊ देत नाही, त्यावरून रोज कटकट होते', असं लिहिलंस. एरिक्सनची बायको जोन, तीही याच कामातली. नव्वदी ओलांडल्यावर तिने आठ अवस्थांपुढे नववी जोडली. तिचं म्हणणं, अतिवृद्धपणी जुने सगळे प्रश्न परत दारात उभे राहतात. स्वतःच्या पायांवरचा भरवसा जातो आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचा 'माझं मी करीन' हा हट्ट पुन्हा जागा होतो, कारण तेवढंच हातात उरलेलं असतं. काकूंनी आयुष्यभर चुलीपासून शेतापर्यंत सगळं एकटीने ओढलं. त्यांच्या हातून तांब्या काढून घेऊ नकोस. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसव, न घसरणारी फरशी घाल, बसायला पक्का स्टूल ठेव, कडी आतून लावू नका म्हणून सांग आणि तू बाहेर थांब. दांडा तर तू स्वतः घडवशील, बाजारचा आणू नकोस.

धाकट्याने इंजिनिअरिंग सोडलं म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलंयस, तेही बरं नाही. एरिक्सन स्वतः तरुणपणी चित्रं काढत युरोपभर भटकला आणि पंचविशीत व्हिएन्नाला मुलांना शिकवायला लागला तेव्हा कुठे त्याला वाट सापडली. पोराला थोडा वेळ दे.

तपासणीचे रिपोर्ट आले की फोटो काढून पाठव. आयटीआयला सोमवारीच जा, मंगळवारी रात्री मी फोन करतो. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझाच