पुलाचा फोटो काढायला परवानगी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं कॅमेरेवाल्यांना आवर घालण्याविषयीचं पत्र वाचलं. घाटावर, बाजारात, चौकात फोटो काढणाऱ्यांना महापालिकेनं ओळखपत्र द्यावं आणि ज्याच्याकडं ते नसेल त्याचा कॅमेरा जमा करावा, असं पत्रलेखकांचं म्हणणं आहे. सूचना उत्तम. फक्त मारुती चौकात उभं राहून खिशात कॅमेरा नसलेला एक माणूस त्यांनी दाखवावा, म्हणजे ओळखपत्रं किती छापायची याचा अंदाज येईल.

मी गावभागात फोटो स्टुडिओ चालवायचो. आता दुकान बंद आहे, कॅमेरा चालू आहे. त्यामुळं ते पत्र मला जरा जास्तच लागलं, कारण त्यांना जो कायदा हवा आहे तो आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर आधीच लागू झालेला आहे. निदान माझ्यापुरता तरी.

गेल्या पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढवला त्या दिवशी नेहमीप्रमाणं अर्धी सांगली पाणी बघायला पुलावर. पोरं कठड्याला टेकून रील्स करतायत, एक वहिनी व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या नणंदेला कृष्णा दाखवतायत, भाजलेल्या कणसांचा धूर. मी एका कडेला, कुणाच्या पायात येणार नाही असा ट्रायपॉड लावला आणि पाण्याची खूण टिपायला लागलो. तेवढ्यात शिट्टी. गणवेशातला एक तरुण.

"ओ काका, परमिशन हाय का?"

"कशाची रे?"

"फोटोची."

मी शेजारच्या पोरांकडं बोट केलं. "त्ये मोबाइल हाय. ह्यो मोठा कॅमेरा हाय," म्हणाला. यापुढं कुठलं घटनापीठ टिकणार? आदेश कुणाचा विचारलं तर "वरनं हाय". लेखी आहे का विचारलं तर "डिलीट मारा, न्हाईतर कॅमेरा जमा हुईल". त्याच्या गणवेशावर पोलिसांची खूण नव्हती, कुठल्या खात्याची होती तेही धड कळेना. त्याचा एवढा राग आला नाही; त्याला कुणीतरी उभं केलेलं, तो उभा होता. राग आला तो भोवती जमलेल्या लोकांचा. एक चांगला शिकलेला माणूस, हातात स्वतःचा मोबाइल रेकॉर्डिंगवर, मला सांगतो, "काका, कशाला वाद घालताय, मारा की डिलीट!"

मारले. घरी येऊन सगळे परत काढले. कार्डावरचा फोटो डिलीट केला की तो लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते. तिथं दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत साध्या सॉफ्टवेअरनं बहुतेक सगळं परत येतं. रोलच्या जमान्यात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की उन्हात अख्खा रोल जायचा, तेव्हाचे दादागिरी करणारे जास्त हुशार म्हणायचे. तेव्हा 'वर' जे कुणी आहेत त्यांना आपल्या वृत्तपत्रातून कळवतो, फोटो सुखरूप आहेत.

आता कायद्याचं. सार्वजनिक जागेत उभं राहून फोटो काढू नये असा सरसकट कायदा या देशात नाही. संरक्षण ठिकाणांसाठी शासकीय गुपितं कायदा आहे, तो १९२३ चा. आपल्या पुलापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्यात रस्ता किंवा पूल 'निषिद्ध ठिकाण' ठरवायचा तर केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. कुणीतरी शिट्टी फुंकून चालत नाही. आणि ज्या पोलीस ठाण्याचा लोकांना एवढा धाक वाटतो, ते ठाणंसुद्धा या कायद्याखाली निषिद्ध ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं. वर्ध्याच्या ठाण्यात व्हिडिओ काढणाऱ्यावरचा त्या कायद्याखालचा गुन्हा रद्द झाला. ठाण्यातलं चित्रीकरण गुपित नाही, मग पाणीपातळी गुपित कशी? तीही अशी की प्रशासन स्वतःच दिवसभर जाहीर करतं: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आत्ता एवढी. आकडा जाहीर, पण त्याचा फोटो काढला की राष्ट्राला धोका!

बरं, डिलीट करायला लावायचा अधिकार कुठल्या कलमात आहे? पोलिसांना गुन्ह्याचा संशय असेल तर वस्तू जप्त करता येते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२ खाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ खाली, आणि ते दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे मी गुन्हा केला असेल तर तो फोटो पुरावा झाला. पुरावा पुसायला लावणारा मग कोण होतो? आणि गुन्हा नसेल तर माझ्या कार्डाला हात लावायचं कारण काय? दोन्हीकडून विचार केला तरी पोरगं तोंडावर पडतं. पण पुलावर ऐकून कोण घेतंय.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. घाटावर अंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांवर लेन्स रोखणारे हलकट असतात. मी त्यांना ओळखून आहे. स्टुडिओत असले रोल धुवायला यायचे आणि मी ते परत करायचो. पण त्यासाठी ओळखपत्र कशाला? पूर्वी दंड संहितेचं कलम ३५४ क, आता न्याय संहितेचं ७७, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. एवढं सगळं आहे. ते वापरा. तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ठाण्यात बाकावर बसवून ठेवू नका. ओळखपत्र काय, ते असला माणूस सगळ्यात आधी काढून घेईल. (ड्रोनची गोष्ट वेगळी, त्याला २०२१ चे नियम आहेत. ड्रोन आणि हातातला कॅमेरा यांची खिचडी पत्रलेखकांनी उगाच केली.)

आणि घाटावरचे फोटो म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे त्यांचं वाक्य वाचून हसू आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी नातवाच्या बोटीत— म्हणजे त्याच्या मंडळाच्या बोटीत— बसून पेठेतनं फिरलो आणि दिसेल त्या दुकानाचा फोटो काढला. कुठलं शटर कितव्या पट्टीपर्यंत बुडालंय, कुठल्या पाटीचं फक्त शेवटचं अक्षर वर आहे. पाणी उतरल्यावर पंचनाम्याच्या वेळी तेच दुकानदार माझ्या दारात. चिखल खरवडून झाल्यावर भिंतीवर खूण राहिलेली नव्हती, विम्याचा माणूस म्हणतोय पाणी एवढं आलंच नव्हतं. सगळ्यांना प्रिंट काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी पेठेत शिट्टीवाला असता तर एका हळदीच्या व्यापाऱ्याचं वर्षाचं गणित बुडालं असतं.

त्यावरून आठवलं. त्या पुराचा माझा एक फोटो, अर्धं बुडालेलं दुकान आणि वरच्या खिडकीत बसलेली आजी, एका वृत्तपत्रानं पान भरून छापला. खाली लिहिलं होतं, 'छायाचित्र सौजन्य: सोशल मीडिया'. त्यानंतर दर पावसाळ्यात 'संग्रहित' म्हणून तो कुठं ना कुठं येतोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो, आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. मी फोन केला तर पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "काका, व्हॉट्सअॅपवर आला होता." पुलावर मी फोटोचा मालक असल्यामुळं गुन्हेगार, आणि छपाईच्या वेळी मालक कोण ते कुणालाच माहीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच फोटोग्राफरच्या वाट्याला कशा येतात, याचा आपल्या संपादकीय विभागानंही जरा विचार करावा. मानधन राहू दे, नाव छापायला शाई किती लागते?

ओळखपत्र द्यायचंच असेल तर मला आधी द्यावं. पुलावर दाखवीन आणि नंतर छापखान्यातही.

या पत्रासोबत आयर्विन पुलाचा तो परत मिळवलेला फोटो पाठवणार होतो. पण उद्या तो सोशल मीडियाच्या सौजन्यानं छापून येईल, म्हणून जोडलेला नाही.

आपला,
एक निवृत्त स्टुडिओवाला,
गावभाग, सांगली