मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र: बांगाई कार्डिनलसाठी

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात कुर्ल्यात एका दुकानात बांगाई कार्डिनल या शोभेच्या माशाची जोडी घ्यायला गेलो होतो. टाकीच्या कोपऱ्यात एक नर जागच्या जागी उभा होता. जबडा फुगलेला, खाण्याकडे ढुंकूनही बघेना. "तो आजारी आहे, दुसरा घ्या," म्हणत दुकानदाराने त्याला जाळीत धरलं आणि त्याच्या तोंडातून अंड्यांचा झुबका बाहेर पडला. साबुदाण्याएवढे नारिंगी दाणे, एकमेकांना चिकटलेले. ते तळाशी पडले आणि तिथेच राहिले.

साहेब, जेमतेम आठ सेंटिमीटरचा हा मासा. मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो, सुमारे वीस दिवस सांभाळतो. पिल्लं निघाली तरी आणखी आठवडा-दहा दिवस सोडत नाही. तेवढे दिवस तो उपाशीच. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जातात. याची पिल्लं बापाच्या तोंडातून निघतात ती तिथल्याच सी-अर्चिनच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या काटेरी गोल प्राण्याच्या, लांब काट्यांत शिरतात. म्हणून तर इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांपलीकडे तो मुळात नव्हताच. तिथल्या एका उथळ खाडीतले मासे उपसले, तर शेजारच्या बेटावरून नवे येत नाहीत. शोभेच्या टाक्यांसाठी तो इतका उपसला गेला की २००७ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला संकटग्रस्त ठरवलं.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. हा मासा टाकीत वाढतो. दादरला माझ्या घरात त्याची पिल्लं वाढली आहेत, आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवांवर. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाऊनफिशची पैदास होते, मग याची का नको? कोळीवाड्यातल्या बचत गटांना हे काम शिकवता येईल.

आणि एक नियम करा. मासा समुद्रातून पकडलेला की पैदास केलेला, हे प्रत्येक दुकानदाराने टाकीवर मराठीत लिहावं, बिलावरही लिहावं. घेणाऱ्याला आज ते कळायला मार्गच नाही. मलाही त्या दिवशी कळलं नाही.

माझ्याकडे सध्या अकरा पिल्लं आहेत. पैदाशीसाठी खात्याला हवी असतील तर कधीही घेऊन जावीत.

आपला,
दादरचा एक मत्स्यप्रेमी