रुंद टायर घाल, पण १७५ नको

खानापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

टायर बदलायचं ठरवलंस ते बरं केलंस. खाचांमधल्या १.६ मिमीच्या खुणेपर्यंत झिजलेला टायर घेऊन पावसात जांबोटीच्या पुढं चोर्ला घाट उतरायचा म्हणजे धाडसच. पण दुकानदार ‘एक नंबर रुंद घाला, १७५/७० बसतोय’ म्हणाला ना, तिथं थोडं थांब.

तुझ्या गाडीला कंपनीचा १६५/८० आर१४ आहे. १६५ म्हणजे मिमीत रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के साइडवॉलची उंची. १६५ चे ८० टक्के १३२, त्याची दुप्पट २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळव, पूर्ण व्यास ६१९.६ मिमी. १७५/७० चा व्यास भरतो ६००.६, म्हणजे तीन टक्के कमी. गाडी साडेनऊ मिमी खाली बसणार, स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही जास्त दाखवणार. साइडवॉलही १३२ वरून १२२.५ वर येते, म्हणजे खड्ड्यात रिमला मार जास्त. शिवाय त्या मापाच्या साध्या टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलायचा आकडा, बहुतेक ८४ असतो, म्हणजे एका टायरला ५०० किलो. तुझ्या आताच्या ८५ ला ५१५. रुंद घेऊन वजन पेलायची ताकद कमी, हा कसला व्यवहार?

१८५/७० आर१४ चा हिशेब वेगळा. व्यास ६१४.६, फरक एक टक्क्याच्या आत. साइडवॉल फक्त अडीच मिमीनं कमी. लोड इंडेक्स ८८, म्हणजे ५६० किलो. मी हाच घे म्हणेन.

त्याआधी रिम बघ. चाक काढून आतल्या बाजूला कोरलेलं असतं, १४×५जे असं काहीतरी; त्यातला ५ म्हणजे इंचात रिमची रुंदी. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच रुंदीची रिम चालते, तेव्हा ५जे वर तो नीट बसतो. मात्र त्याचं माप साडेपाच इंची रिमवर धरलेलं असतं आणि रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर सुमारे पाच मिमी आवळतो, म्हणून प्रत्यक्षात १८० च्या आसपास भरेल. १९५ कुणी सुचवला तर नको म्हण. ५जे ही त्याची अगदी शेवटची हद्द. टायरचा मध्य फुगून तिथंच झिजतो आणि वळणावर गाडी लुळी वाटते.

पुढचा एकच टायर आधी चढवून बघायला सांग. स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवायचं, आत शॉकॲब्सॉर्बरपाशी आणि बाहेर फेंडरच्या कडेला, मडफ्लॅपला बोट घालून जागा बघायची. मग मागं तिघांना बसवून मागच्या चाकाची कमानही बघ. रिकाम्या गाडीला न घासणारा टायर भरल्या गाडीला घासतो, आणि आपल्याकडं लग्नसराईत गाडी रिकामी कधी असते?

रुंद टायरनं कोरड्या रस्त्यावर ब्रेक आणि वळण सुधारतं, हे खरं. पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो, चिकोडीकडच्या काळ्या चिखलात तर जास्तच वरवर घसरतो. मायलेज थोडं घटेल, पार्किंगला स्टिअरिंग जड लागेल. महामार्ग ४८ वरच जास्त फिरत असशील तर सौदा परवडेल. नुसती शेतातली वाट असेल तर कंपनीचंच माप ठेव.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणं, टायर गार असताना. रुंद आहे म्हणून कमी ठेवायची नाही. कमी हवेत साइडवॉल दगडावर चिमटते आणि फुगा येतो.

चारही एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे घे. दोनच घेणार असशील तर १६५/८० चेच घे आणि नवे मागं घाल. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाची पकड सुटली की सावरता येत नाही. स्टेपनी जुन्या मापाची राहिली तरी पंक्चरच्या दुकानापर्यंत चालेल. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत देऊ लागले तर भाव आणखी पाड, नाहीतर सोड.

नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घे. शंभरेक किलोमीटर झाले की नट पान्यानं परत आवळ, आणि ते घाटात जायच्या आधी.

घरी सगळ्यांना नमस्कार. वहिनींना विचारल्याचं सांग.

तुझा,
बाळू